गार्थच्या मापाची गाडी

गस मारागाकिसने बॉनेटवर हात आपटला आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "बाई, ही गाडी डांबरी रस्त्यावर फारशी चाललेलीच नाही."

बाकी जगात जुनी गाडी विकणारा याच्या बरोबर उलट सांगत असेल. पण स्वेलच्या काठावर राहणाऱ्या माणसाला असं सांगितलं की तो खूश होतो. आमच्या गावाच्या पूर्वेला शेतं संपली की स्वेल सुरू होतो. नुसते खडक, घळी आणि खुरटी झाडं, आणि तिथे डांबर कुणी ओतलेलंच नाही. गसच्या घरची मेंढरं तीन पिढ्या तिथेच हिवाळा काढत आलीत. ही छोटी जपानी पिकअप त्याने मिठाचे ठोकळे आणि कुत्री वाहायला वापरली होती.

"वास येतोय," मी म्हणाले.

"मेंढरांचा. त्याने गंज धरत नाही."

"गंज तर धरलाय."

"तो वासाच्या आधीचा."

मी शाळेची बस चालवते, गेली वीस-बावीस वर्षं. त्यामुळे गाडी विकत घेताना नवऱ्याला सोबत न्यावं लागत नाही. मी मातीत पाठ टेकून गाडीखाली शिरले, सांगाडा हातोडीने ठोकून पाहिला, मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले. पाटे दबून बसलेले होते, पण सांगाडा सरळ होता. गस वरून म्हणाला, "नेल्डा, लग्नाच्या वेळी गार्थला एवढं तपासलं होतंस का?" मी म्हटलं, तेव्हा तपासलं असतं तर गुडघे बघून सोडून दिलं असतं. गस हसला आणि थोडे पैसे त्याने आपणहून कमी केले. गार्थचं काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

गार्थ कोळशाच्या खाणीत होता, तीसेक वर्षं. कोळशाचा थर जेवढा तेवढाच बोगदा, आणि तो इतका बुटका की माणूस ताठ उभा राहायचा तो घरी आल्यावरच. त्यात गुडघे गेले आणि धुळीने फुप्फुसं गेली. पण सुट्टी मिळाली की आम्ही स्वेलमध्ये. ताडपत्री अंथरायची, त्यावर गाद्या, आणि उघड्यावर झोपायचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, एखादा तंबू घेऊ या. "कशाला? पाऊस कुठे पडतो इथे?" असं म्हणून त्याने विषय संपवला. मी मनात म्हटलं, चिकट आहे, पैसा सुटत नाही हातातून. तेवढा एक दोष धरून चालायला हरकत नव्हती.

मग मागच्या सप्टेंबरात एका सकाळी त्याला जमिनीवरून उठताच येईना. मी काखेत हात घालून ओढलं, त्याने मला शिव्या घातल्या, मी त्याला घातल्या. शेवटी बंपरला दोर बांधून दिला, तो धरत धरत तो उभा राहिला. उभा राहिल्यावर बराच वेळ नुसता धापा टाकत होता. मग म्हणाला, "बस झालं, नेल्डा. आता नाही यायचं इथे."

तो बोलेल तसं वागणारा माणूस आहे, हीच पंचाईत. घरी आला तो पाय वर करायच्या खुर्चीत बसला आणि तिथेच राहिला. टीव्हीवर हरणांच्या शिकारीचे कार्यक्रम लावायचा, तेही आवाज बंद करून. ओसरीवरसुद्धा येईना. डॉक्टर म्हणत होते फुप्फुसं आहेत तशीच आहेत, बिघडलेली नाहीत. पण मला दिसत होतं की माणूस महिन्यागणिक खुर्चीत खाली खाली जातोय. तो त्या खुर्चीतच मरेल अशी मला भीती वाटायला लागली. स्पष्ट सांगते, दुसऱ्या कशाची मला तेव्हा भीती वाटत नव्हती.

म्हणून ही गाडी. हिशोब सरळ होता. जमिनीवरून उठता येत नाही, तर जमिनीवर झोपायचंच नाही. गाडीच्या हौद्यात कमरेएवढ्या उंचीवर पलंग करायचा, वर टप बसवायचा, चढायला पायरी. माणूस काठावर बसेल, पाय आत घेईल, सकाळी पाय बाहेर सोडेल की उभा.

बसडेपोतला मिस्त्री बॉइड मदतीला आला. गावातले निम्मे पुरुष खाणीत गेले. बॉइड कधी गेला नाही, त्याला खाणीपेक्षा बसगाड्या परवडल्या. नोव्हेंबरात आम्ही कामाला लागलो. आणि मग ज्याने ज्याने अशी गाडी बांधली त्याचं जे होतं तेच माझंही झालं. पलंगाखाली जागा मोकळी कशाला सोडायची, म्हणून दोन लांब खण केले, एक भांड्यांना, एक हत्यारांना. खणांचं वजन झालं म्हणून नवे पाटे घातले. पाट्यांनी गाडी उंच झाली म्हणून मोठे टायर. टायर मोठे म्हणून पुढचा पत्रा कापला. मग पाण्याची टाकी, मग टाकी ठेवायला लोखंडी चौकट.

"नेल्डा," बॉइड वेल्डिंगची काच वर करून म्हणाला, "तू आता गाडीत दुसरी गाडी बसवायला लागलीयस."

"तू जोड मार."

"मी मारतो. पण चढावर हिला ढकलायला मला बोलवू नकोस."

गार्थ खिडकीतून बघायचा. एक-दोनदा दारापर्यंत आला. "स्वयंपाकघर बसवतेस का गं?" एवढं विचारून आत गेला. मला तेवढंही पुरे होतं. मागच्या काचेला मी घोंगडी लावून ठेवली होती. आतलं त्याने एकदम तिथे, स्वेलमध्येच बघावं असं मला वाटत होतं. त्याचं माप मी तो खुर्चीत झोपलेला असताना टेपने घेतलं. बॉइड म्हणाला, शवपेटीवालेसुद्धा असंच घेतात. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेली दुपार तोंड उघडलं नाही.

सगळ्यात जास्त मेहनत मी छतावर घेतली. टप साध्या फायबरचा होता; रात्री श्वासाचं पाणी आतून धरतं आणि पहाटे तोंडावर ठिबकतं. गार्थच्या छातीला ते चाललं नसतं. म्हणून आतून फोमचे तुकडे चिकटवले, त्यावर पातळ प्लायवुड, प्लायवुडला पॉलिश. कोपरे घासून गोल केले. झोपून वर बघितलं तर एखाद्या नीटस खोलीतच आहोत असं वाटायचं. बसून राहण्याएवढी उंची नव्हती, कारण खणांनी ती खाल्ली होती. पण झोपायला बसायचं कशाला?

मे महिन्यात मी त्याला म्हटलं, "उठ. जायचं आहे."

"मी नाही म्हटलं होतं."

"जमिनीवर झोपायला नाही म्हणाला होतास. जमिनीवर झोपायचं नाहीये."

तो खुर्चीतून उठला. मग त्याने बूट शोधले. त्याच्या बुटांवर धूळ बसली होती, ती त्याने पँटला पुसली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला, कारण मला रडू आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

डांबर संपलं तिथे मी गाडी थांबवली. टायरमधली हवा कमी करायची ती इथेच. कमी हवेचा टायर खडकावर पसरतो, पकडतो. गार्थ न सांगता उतरला, काडी घेतली आणि एकेका चाकाशी वाकून हवा सोडायला लागला. वाकताना कण्हत होता, पण मला हात लावू देईना. चौथ्या चाकाशी पोचेपर्यंत त्याची धाप लागली होती आणि चेहरा उजळला होता. परत बसल्यावर म्हणाला, "पाटे कडक घेतलेस. पाठीची वाट लागणार."

"वजन आहे मागे."

"काय भरलंयस? चर्च?"

पुढे वाटभर तो बोलत होता. डावीकडे घे, तो दगड चाकावर घे, पोटाखाली नको घेऊस, अगं हळू, ही शाळेची बस नाही. मला गाडी चालवायला शिकवणाऱ्याचा मला एरवी संताप येतो. त्या दिवशी मी मुद्दाम एक-दोन चुका केल्या.

कड्याच्या टोकाशी आमची जुनी जागा आहे, जुनिपरच्या दोन झाडांमागे. समोर जमीन एकदम खाली जाते आणि तळाला नदी दोऱ्याएवढी दिसते. मी ओतीव लोखंडाच्या भांड्यात बटाटे, कांदे आणि खारवलेलं डुकराचं मांस लावलं, झाकणावर निखारे ठेवले. गार्थने दोनदा वाढून घेतलं. हिवाळाभर त्याने असं खाल्लं नव्हतं. ऊन तिरपं झालं, पलीकडचे खडक तांबडे झाले, आणि मला वाटलं, झालं, जिंकले मी.

"ये, तुझा पलंग बघ," मी म्हणाले आणि टपाचं मागचं दार उघडलं, फाळका खाली सोडला.

त्याने आत पाहिलं. पॉलिशवरून हात फिरवला. "हे तू केलंस?" म्हणाला. ते कौतुक होतं. गार्थकडून यापेक्षा जास्त मिळत नाही. मग पायरीवर चढला, काठावर बसला, पाय आत घेतले आणि गाडीच्या तोंडाकडे डोकं करून आडवा झाला. सगळं मी योजलं होतं तसंच. माप अगदी बरोबर होतं.

मग त्याचा उजवा हात वर गेला आणि बोटाच्या पेरांनी त्याने छतावर टकटक केलं. थांबला. थोडं पुढे परत टकटक. माझा समज झाला की तो काम तपासतोय, म्हणून मी बाहेरून म्हटलं, "पक्कं आहे!"

आतून जोरजोरात श्वासाचा आवाज आला, आणि मग तो बाहेर आला. आला म्हणजे घसटत, गुडघ्यांवर, कोपर आपटत, कपाळ दाराच्या कडेला थाडकन लागलं तरी न थांबता. पायरी चुकला, मी धरलं म्हणून पडला नाही. माझा हात त्याने झटकून टाकला आणि कड्याच्या दिशेने चालत निघून गेला.

मला राग आला. काळजी नंतर वाटली. आधी रागच आला, आणि चांगलाच आला. हिवाळाभर माझी नखं फुटली होती, बोटांना फायबरची खाज होती, आणि हा माणूस दोन मिनिटं झोपून चालता झाला. मी वाळूने भांडं घासायला लागले. असं घासलं की झाकणाची कडी हातात आली. तो परत आला तोवर मी बोलायची सगळी वाक्यं तयार ठेवली होती.

"काय झालं? गादी मऊ पडली? पॉलिश आवडलं नाही? सांग ना!"

तो फाळक्याला टेकून उभा राहिला. कपाळावर टेंगूळ आलं होतं. "छत पोकळ वाजतंय," म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पोकळ वाजतंय."

"प्लायवुड आहे गार्थ. मागे फोम आहे. वाजणारच."

"माहीत आहे मला." तो खाली बघत होता. "खाणीत पाळीच्या आधी एकटा आत जायचो मी, पहार घेऊन. छत ठोकत जायचं. चांगला खडक टण्ण वाजतो. वरून सुटलेला असला की ढोलासारखा वाजतो. टण्ण वाजलं तर माणसं आत येणार. ढोल वाजला तर मागे फिरायचं, तेही पळत. विचार करायचा नाही, आधी पळायचं."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी त्याचा डबा भरला, त्याचे काळे कपडे वेगळे धुतले, आणि तो खाली नेमकं काय करायचा हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे खाणीतलं घरी बोलत नाहीत. बायका विचारत नाहीत, पुरुष सांगत नाहीत. दारात बूट काढतात तसं तेही बाहेरच राहतं. मला ही रीत शहाणपणाची वाटत आली होती.

"मी ठोकलंय ते छत," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता तेवढा चढला नाही. "मी, माझ्या हातांनी. ते पडणार नाही."

"डोक्याला कळतं ते. हाताला नाही कळत."

"आणि म्हणून कधी तंबू घेतला नाहीस?"

"हात पोचेल एवढं जवळ वर काही असलं की मला झोप नाही येत," त्याने खांदे उडवले. मग म्हणाला, "तू झोप आत. मी पुढच्या सीटवर बसतो रात्रभर. सकाळी घरी जाऊ." थोडं थांबून म्हणाला, "आणि ही विकून टाक, नेल्डा. चांगली बांधलीयस, किंमत येईल."

मला ती खुर्ची दिसली, आणि तो आवाज बंद केलेला टीव्ही. माझा उरलासुरला राग तिथेच संपला, कारण रागावायला वेळच नव्हता. उद्या सकाळी घरी गेलो की हा परत येणार नाही, हे मला उन्हाइतकं लख्ख दिसत होतं. मी त्या गाडीकडे बघत राहिले. हौदा वाढवता येत नव्हता, टप दोघांनी उचलण्यातला नव्हता. होतं ते एवढंच होतं.

मग मी भांड्यांचा खण ओढला. पूर्ण ओढला, फाळक्याच्याही बाहेर, खटका लागेपर्यंत. आतली सगळी भांडी उचलून मातीत ठेवली. हत्यारांचा खणही ओढला आणि तोही उपसला. दोन्हींवर जेवणाची फळी आडवी टाकली, ती दोरीने करकचून बांधली आणि पलंगावरची गादी धरून अर्धी बाहेर ओढली. हे करताना मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

"काय चाललंय?" गार्थ म्हणाला.

"पाय आत घाल. डोकं बाहेर. झोप."

"मोडेल."

"बॉइडने जोड मारलेत, माझ्यावर नाही तर त्याच्यावर विश्वास ठेव. झोप म्हणते ना."

तो उलटा झाला. पाय टपाच्या आत सरकवले, पाठ टेकली. छातीपासून वरचा सगळा भाग बाहेर होता. वर फक्त आकाश, अजून निळं असलेलं. त्याचा हात वर गेला नाही. मी त्याच्या श्वासाकडे कान लावून उभी होते. हळूहळू तो श्वास लांब झाला.

"ये ना," त्याने शेजारची गादी थोपटली.

मी हलले नाही. हे सांगायची मला कधी वेळ आली नव्हती, आणि आली असती तरी सांगितलं नसतं. पण तो कपाळाला टेंगूळ आणून एवढं बोलला होता.

"मला नाही आवडत ते," मी म्हणाले.

"काय?"

"वर एवढं मोकळं. मला पडल्यासारखं होतं. वरच्या बाजूला पडल्यासारखं."

तो कोपरावर उठला. "तू डोक्यावरून पांघरूण घ्यायचीस."

"हो."

"मला वाटायचं थंडी वाजते तुला."

"जुलैमध्ये?"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला, आणि मग मलाही आवरेना. एवढ्या वर्षांत, एवढ्या सुट्ट्यांत, एका ताडपत्रीवर शेजारी शेजारी पडून, एकाला छप्पर नको होतं म्हणून दुसऱ्याला मिळालं नव्हतं, आणि दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं. चिकट म्हणे.

मी त्याच्या पायांवरून आत चढले आणि गाडीच्या तोंडाकडे, माझ्या पॉलिश केलेल्या छताखाली डोकं ठेवलं. माप त्याचं होतं, पण मला छान झालं. त्याचे पाय माझ्या कानाशी होते, माझे त्याच्या बरगडीशी. मोज्यांना मेंढरांचा वास लागला होता की मोज्यांचाच तो वास होता, कळलं नाही. दार उघडं असल्याने वारा आत येत होता. मी त्याचा घोटा हातात धरला, कारण धरायला तेवढंच जवळ होतं.

बाहेर अजून उजेड होता. मला वाटलं तो झोपला. तेवढ्यात माझ्या पायांपलीकडून त्याचा आवाज आला. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"तू डब्यात जास्तीचा पाव द्यायचीस ना."

"तूच मागायचास."

"मी नाही खायचो तो. उंदरांना घालायचो. खाली उंदीर असायचे, चिक्कार. कुणी मारत नसे त्यांना. छत सुटायला लागलं की त्यांना आमच्याआधी कळतं; ते पळाले की आम्ही पळायचं. एक माझ्या बुटावर येऊन बसायचा. त्याचं एक बोट तुटलेलं होतं." तो खोकला. "एकदा ते पळाले, आणि मी ठोकलं तर टण्ण वाजलं. मी सगळ्यांना म्हटलं, काही नाही, बसा, जेवा."

त्याचा घोटा माझ्या हातात घट्ट झाला. माझ्या डोक्यावर माझं छत होतं आणि त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं, आणि तो श्वास घेत होता, सावकाश, नीट.

"झोपलीस?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सांग तू."